कॅम्पर ठरवण्याआधी ट्रक वजनकाट्यावर न्या

वाचकाचे पत्र: आम्ही अमेरिकेत कोलोरॅडो राज्यात, डेन्व्हरला लागून असलेल्या अरोरा येथे राहतो. मी, पत्नी आणि दहा व तेरा वर्षांची दोन मुले असे आमचे चौघांचे कुटुंब आहे. गेल्या वर्षी आम्ही २०१९ सालचा फोर्ड एफ-२५० हा पिकअप ट्रक घेतला. डिझेल इंजिन, चार दारांची केबिन, फोर बाय फोर आणि मागे सामानाचा पावणेसात फुटांचा हौदा. मी रोज कामावरही याच ट्रकने जातो. आता हौद्यात कॅम्पर, म्हणजे मुक्कामाची छोटी खोली, बसवून युटा राज्यातल्या मोआबचा व्हाइट रिम रस्ता आणि सॅन हुआन पर्वतातील कच्च्या खिंडी पाहाव्यात असे मनात आहे. आम्हाला आवडलेला कॅम्पर पक्क्या भिंतींचा, स्नानगृह असलेला आहे. माहितीपत्रकात त्याचे कोरडे वजन २,५५० पौंड दिले आहे. ट्रकच्या दाराजवळच्या पट्टीवर माणसे व सामान मिळून २,२३० पौंड, एकूण वजनाची मर्यादा १०,००० पौंड आणि मागच्या ॲक्सलची मर्यादा ६,३४० पौंड असे लिहिले आहे. विक्रेत्याचे म्हणणे असे, की एअर बॅग (मागच्या ॲक्सलवर बसवायचे हवेचे फुगे), स्प्रिंगचे जादा पाटे आणि ३५ इंची टायर बसवले की ट्रक हे वजन आरामात पेलेल, कारण एफ-२५० आणि एफ-३५० यांत नावापलीकडे फरक नाही. मित्र म्हणतात, ट्रकची उंची तीन इंचांनी वाढवून घ्या. उन्हाळ्यात नाशिकहून आई-बाबा येतात, त्यांनाही सोबत न्यायचे आहे. कोणते बदल करावेत आणि कोणत्या क्रमाने?

उत्तर:

सप्रेम नमस्कार. तुमच्या पत्रातली सर्वांत चांगली गोष्ट ही, की तुम्ही पट्टीवरचे आकडे स्वतः वाचून पाठवलेत. बहुतेक लोक कॅम्परचा बयाणा देऊन झाल्यावर ते शोधतात. त्याच आकड्यांच्या आधारे उत्तर आधी स्पष्टपणे सांगतो आणि मग कारणे देतो. तुम्ही पसंत केलेला कॅम्पर या ट्रकवर बसवू नये. एअर बॅग, पाटे, टायर यांपैकी काहीही बसवले तरी बसवू नये. या बदलांमुळे ओझे नीट सांभाळले जाते, ट्रक कमी डुलतो आणि मागून खाली बसत नाही, पण ट्रकची वजन वाहण्याची मान्य मर्यादा त्यांनी एका पौंडानेही वाढत नाही. ती मर्यादा उत्पादकाने चासी, ॲक्सल, ब्रेक, चाके, टायर आणि स्प्रिंग या सगळ्यांचा एकत्रित विचार करून ठरवलेली असते. त्या साखळीतली एक कडी तुम्ही बाजारातून आणून मजबूत केलीत, तरी बाकीच्या कड्या होत्या तशाच राहतात.

आता हिशेब मांडू. माहितीपत्रकातले कोरडे वजन म्हणजे कारखान्यातून निघालेल्या रिकाम्या कॅम्परचे वजन. त्यात पाणी, गॅस, बॅटरी आणि पुष्कळदा एअर कंडिशनर, बाहेर ताणायचे कापडी छप्पर, उचलण्याचे जॅक अशा वेगळ्या पैशांनी घेतलेल्या गोष्टी धरलेल्या नसतात. अमेरिकन गॅलनभर पाणी सुमारे ८.३४ पौंड भरते, म्हणजे चाळीस गॅलनची टाकी भरली की ३३४ पौंड झाले. वीस पौंडांच्या दोन भरलेल्या गॅस टाक्या जवळपास ७५ पौंड, जुन्या पद्धतीच्या दोन शिसे-आम्ल बॅटऱ्या १२० पौंड आणि जादा घेतलेल्या सोयी निदान २५० पौंड. चार माणसांचे कपडे, अंथरुणे, भांडी, शिधा, खुर्च्या, हत्यारे आणि दोरखंड मिळून ४०० पौंड सहज होतात. तुम्ही चौघे मिळून ४८० पौंड धरले, तर एकूण बेरीज सुमारे ४,२०० पौंडांवर जाते. पट्टीवरचा आकडा आहे २,२३०. शंभर-दोनशे पौंडांचा प्रश्न असता तर सामान कमी करून मार्ग निघाला असता, पण येथे ओझे मर्यादेच्या जवळजवळ दुप्पट आहे.

मागच्या ॲक्सलचे गणितही करून पाहा. अशा डिझेल ट्रकच्या मागच्या चाकांवर रिकामा असताना साधारण ३,१०० ते ३,२०० पौंड भार असतो, कारण जड इंजिन पुढे असते. कॅम्पर मात्र जवळजवळ पूर्णपणे मागच्या ॲक्सलवर बसतो. त्यामुळे भरलेल्या कॅम्परसह तेथील भार ६,८०० पौंडांच्या आसपास जाईल. तुमची मर्यादा ६,३४० आहे.

विक्रेत्याच्या बोलण्यात थोडे तथ्य आहे, ते नाकारत नाही. एफ-२५० आणि एफ-३५० यांचे अनेक भाग सारखे असतात, आणि एफ-२५०ची १०,००० पौंडांची मर्यादा काही अंशी वाहनांच्या वर्गवारीमुळेही ठरते, कारण अमेरिकेत १०,००० पौंडांच्या वर वाहनाचा पुढचा वर्ग सुरू होतो. त्यामुळे जाणकार लोक फक्त एकूण वजनाचा आकडा न पाहता ॲक्सल, टायर आणि चाके यांच्या मर्यादा वेगवेगळ्या तपासतात, आणि ते योग्यच आहे. परंतु तुमच्या बाबतीत ॲक्सलची मर्यादाही ओलांडली जाते. शिवाय तुमच्या ट्रकच्या दारावर जे छापले आहे तीच त्या ट्रकची अधिकृत मर्यादा आहे, शेजारच्या ट्रकची नव्हे. अपघात झाला आणि विम्याचा किंवा भरपाईचा प्रश्न उभा राहिला, तर विक्रेत्याने तोंडी दिलेली हमी तुमच्या कामी येणार नाही. डोंगराच्या रस्त्यावर मुलांना घेऊन जाणाऱ्या माणसाला मी याहून वेगळा सल्ला देणार नाही.

मग पर्याय कोणते? तुमच्याच इंजिनाची आणि केबिनची, मागे एकेरी चाके असलेली एफ-३५० साधारण साडेतीन ते चार हजार पौंड वाहते. म्हणजे ट्रक बदलला तरीही हा कॅम्पर बसत नाही. तो नियमात बसवायचा तर मागे जोडचाके असलेली एफ-३५० लागेल. त्या ट्रकची एकूण मर्यादा १४,००० पौंडांपर्यंत असते, परंतु त्याची मागची बाजू जवळपास आठ फूट रुंद होते, जोडचाकांच्या मध्ये दगड अडकून टायर कापले जातात आणि कड्याच्या कडेने जाणाऱ्या अरुंद वाटेवर बाहेरचे चाक नेमके कोठे पडते आहे हे चालकाला नीट कळत नाही. ज्या कॅम्परवर तुमचे मन बसले आहे त्याला जोडचाकी ट्रक हवा, आणि ज्या रस्त्यांवर तुमचे मन बसले आहे त्यांना जोडचाकी ट्रक चालत नाही. या दोहोंपैकी एकाची निवड तुम्हाला करावीच लागेल. तुमच्या पत्राचा रोख पाहता रस्ते अधिक महत्त्वाचे दिसतात, म्हणून मी पुढचा विचार त्याच दिशेने करतो.

अशा रस्त्यांसाठी उघडमिट छताचा हलका कॅम्पर घ्यावा. कॅलिफोर्नियातील फोर व्हील कॅम्पर्स आणि तुमच्याच राज्यात फोर्ट लप्टन येथील हॉलमार्क हे असे कॅम्पर बनवणारे जुने कारखाने आहेत. हॉलमार्क तुम्हाला जवळ आहे, तेव्हा तेथे प्रत्यक्ष जाऊन आत उभे राहून पाहावे. सर्व सोयींनी युक्त असा कॅम्परही तुमच्या पट्टीत बसणार नाही, हे मात्र आधीच सांगून ठेवतो. कोरडे वजन १,३०० पौंड धरले, वीस गॅलन पाणी, एक गॅस टाकी, लिथियम बॅटरी, थोड्या जादा सोयी, ३०० पौंड सामान आणि तुम्ही चौघे असा हिशेब केला, तर आकडा २,५०० पौंडांच्या आसपास जातो. म्हणून तुमच्या ट्रकसाठी ‘शेल’ प्रकारचा, म्हणजे छत, भिंती, वरचा पलंग आणि मोजकेच फर्निचर असलेला सुमारे १,००० पौंडांचा कॅम्पर निवडावा. बारा गॅलन पाणी १०० पौंड, गॅसची एक टाकी ३७ पौंड, ३० पौंडांची लिथियम बॅटरी, फ्रिज आणि शेगडी मिळून १२० पौंड, सामान ३०० पौंड आणि कुटुंब ४८० पौंड, असे सुमारे २,०७० पौंड होतात. मर्यादेच्या आत दीडशे-एक पौंड उरतात. ट्रकमध्ये जे बदल कराल त्यांचे वजनही या दीडशेतूनच वजा होणार आहे, हे विसरू नका. लोखंडी बंपर आणि विंच (अडकलेली गाडी ओढणारे यंत्र) लावण्याचा विचार असेल तर तो येथेच संपतो.

याउलट डिझेलचा हट्ट नसेल, तर पेट्रोल इंजिनची एफ-२५० हाही विचार करण्यासारखा पर्याय आहे. डिझेल इंजिन पेट्रोल इंजिनापेक्षा शेकडो पौंडांनी जड असते आणि तेवढे वजन थेट तुमच्या सामानातून कापले जाते. त्यामुळे एकाच वर्षाच्या, एकाच केबिनच्या दोन ट्रकांत पेट्रोलवाला जास्त ओझे नेतो. ट्रक रोजच्या वापरातला असल्याने तो लगेच बदला असे मी म्हणत नाही, परंतु एफ-३५०ची अदलाबदल आणि पूर्ण सोयींचा उघडमिट कॅम्पर, या दोहोंचा खर्च एकदा कागदावर मांडून पाहा. हलक्या ट्रकवर बदलांमागून बदल करत गेल्यास होणारा खर्च पुष्कळदा त्याच्या जवळपास जातो, आणि त्यानंतरही दारावरची पट्टी तीच राहते.

काहीही विकत घेण्याआधी ट्रक वजनकाट्यावर न्या. महामार्गावरच्या ट्रक थांब्यांवर कॅट कंपनीचे काटे असतात. टाकी पूर्ण भरून, चौघे जण आत बसून, हौदा रिकामा ठेवून पुढची चाके एका पट्ट्यावर आणि मागची दुसऱ्या पट्ट्यावर येतील असा ट्रक उभा करावा. पावतीवर दोन्ही ॲक्सलचा भार वेगळा छापून मिळतो. आधीच्या मालकाने पायऱ्या, हौद्याचे झाकण, हौद्याला जाड लेप असे काही लावले असेल, तर पट्टीवरचे २,२३० आज खरे नसतील. त्या पावतीतले आकडे दारावरच्या मर्यादांतून वजा करून जे उरेल, तेवढाच कॅम्परचा आणि सामानाचा हिस्सा धरावा.

वजनाइतकेच महत्त्व ते वजन नेमके कोठे बसते याला आहे. अमेरिकेच्या केंद्रीय नियमांनुसार ट्रक उत्पादकाला कॅम्परसाठी माहिती द्यावी लागते, आणि त्या कागदात हौद्याच्या कोणत्या भागात कॅम्परचा गुरुत्वमध्य पडला पाहिजे हे दाखवलेले असते. कॅम्परवरही त्याच्या गुरुत्वमध्याची खूण असते. ही खूण मागच्या ॲक्सलच्या किंचित पुढे पडली पाहिजे. बैलगाडीत ओझे मागे जास्त झाले की गाडी उलाळ होते आणि जू बैलांच्या मानेवरून वर उचलले जाते, तसेच येथे पुढची चाके हलकी होतात, स्टीअरिंग सैल वाटू लागते आणि उतारावर पुढच्या ब्रेकची पकड कमी होते. तुमचा हौदा पावणेसात फुटांचा आहे, तेव्हा आठ फुटी हौद्यासाठी बनवलेला कॅम्पर स्वस्तात मिळाला तरी घेऊ नका. तो मागे लोंबतो आणि ओढ्याच्या चढावर त्याचा मागचा कोपरा जमिनीला घासतो. फाळका काढून घरी ठेवावा, तेवढेच वजन कमी होते.

आता तुमचा मूळ प्रश्न, बदल कोणते आणि कोणत्या क्रमाने.

पहिला क्रम टायर आणि चाकांचा, आणि येथे ‘३५ इंची’ हा शब्द फसवा आहे. तुमच्या ट्रकवर बहुधा असणारा एलटी२७५/७०आर१८, लोड रेंज ई (टायरच्या ताकदीचा वर्ग) हा टायर १२५ भारांकाचा आहे, म्हणजे तो १,६५० किलो, सुमारे ३,६४० पौंड पेलतो. ३५×१२.५०आर१७ हा दिसायला कितीतरी दणकट टायर १२१ भारांकाचा असतो, म्हणजे तो १,४५० किलो, सुमारे ३,१९५ पौंडच पेलतो. म्हणजे विक्रेत्याच्या सल्ल्याने तुम्ही पैसे देऊन प्रत्येक चाकामागे साडेचारशे पौंड गमावले असते, आणि त्याच्याच कॅम्परचा मागचा भार त्या दोन टायरांच्या एकत्रित क्षमतेबाहेर गेला असता. मोठा टायर हवाच असेल तर एलटी२९५/७०आर१८, लोड रेंज ई पाहावा. त्याचा भारांक १२९ आहे, म्हणजे १,८५० किलो. चाकांवरही त्यांची भारमर्यादा कोरलेली असते. ती टायरच्या मर्यादेपेक्षा कमी असलेली देखणी चाके बाजारात पुष्कळ आहेत, ती टाळावीत. चाक बाहेर काढणारे स्पेसर लावू नयेत, त्याने बेअरिंगवर नाहक ताण येतो. खडकाळ वाटेवर हवा कमी करणे आवश्यक असते, परंतु रिकाम्या ट्रकचे लोक जितकी हवा सोडतात तितकी तुम्ही सोडू नका. आधी चौथा हिस्सा कमी करून पाहा, वेग सायकलच्या वेगाइतका ठेवा आणि डांबरी रस्ता लागताच पुन्हा हवा भरा. कमी हवेचा टायर कमी भार पेलतो, त्यामुळे चांगला कॉम्प्रेसर ही चैन न मानता त्याची तरतूद टायरांच्या खर्चातच करावी.

दुसरा क्रम स्प्रिंगचा. याविषयी जरा सविस्तर लिहितो, कारण सर्वाधिक चुकीचे सल्ले याच बाबतीत दिले जातात. येथे एअर बॅग म्हणजे ॲक्सल आणि चासी यांच्यामध्ये बसवलेला रबरी फुगा. हवा भरली की मागची बाजू उचलली जाते आणि ट्रक सरळ उभा दिसतो. डांबरी रस्त्यावर, मर्यादेच्या आतल्या ओझ्यासाठी ही सोय चांगली आहे. परंतु पाटा आपला भार चासीवर दोन टोकांना वाटून देतो, तर फुगा तोच भार मधल्या एकाच जागी दाबतो. मागे लोंबणारे वजन, फुग्यांचा एकाच ठिकाणचा दाब आणि नांगरलेल्या शेतासारख्या खडबडीत रस्त्यावरचे हजारो धक्के एकत्र आले की चासी वाकते किंवा तडकते. ऑस्ट्रेलियाच्या आतल्या भागात आणि मेक्सिकोच्या बाहा द्वीपकल्पात वाकलेल्या चासीचे पिकअप पाहायला मिळतात, ते याच जोडणीमुळे. दुसरे असे, की एक चाक खड्ड्यात उतरते तेव्हा फुगा पूर्ण ताणला जातो आणि फाटू शकतो. तिसरे, दोन्ही फुगे एकाच नळीला जोडले असतील, तर ट्रक एका बाजूला कलला की दाबलेल्या बाजूची हवा दुसऱ्या बाजूला पळते आणि कल आणखी वाढतो.

म्हणून कच्च्या रस्त्यासाठी पाट्यांवरच भर द्यावा. कॅम्पर कायम ट्रकवर राहणार असता, तर मोजलेल्या वजनाप्रमाणे पूर्ण नवा पाट्यांचा संच बनवून घ्या असे मी सांगितले असते. परंतु तुम्ही रोज रिकाम्या ट्रकने कामावर जाता, आणि एवढे ताठ पाटे रिकाम्या ट्रकला रस्त्यावर आपटत नेतील. तुमच्यासाठी मधला मार्ग बरा. आहे त्या संचात एक पाटा वाढवावा आणि खालच्या जड पाट्याला वरून रबरी ठोकळे लावावेत, म्हणजे कॅम्पर चढवल्यावर तो जड पाटा लवकर काम करू लागेल. एवढे करूनही मागची बाजू थोडी बसत असेल, तर शेवटच्या थोड्या समतोलासाठी एअर बॅग लावायला हरकत नाही. मात्र दोन्हींच्या नळ्या स्वतंत्र असाव्यात, फुगा ताणला न जाता खालच्या बैठकीतून मोकळा होईल अशी जोडणी असावी, आणि दाब लागेल तितकाच ठेवावा. कॅम्पर बसवण्याआधी आणि नंतर चारही चाकांच्या मध्यापासून मडगार्डच्या कडेपर्यंतची उंची मोजून लिहून ठेवा. मागची उंची बरोबर झाली की थांबावे.

यासोबत मागचा स्टॅबिलायझर बार (ट्रकचे डुलणे आवरणारी आडवी दांडी) आणि ताकदीचे शॉक ॲब्सॉर्बर घ्यावेत. तुमचा ट्रक फोर्डच्या ‘कॅम्पर पॅकेज’सह घेतलेला असेल तर मागचा बार आणि जादा स्प्रिंग त्यावर आधीपासूनच असतील, म्हणून खरेदीपूर्वी ट्रकखाली वाकून पाहा. वळणावर आणि आडव्या वाऱ्यात डुलणे कमी करण्यात एअर बॅगपेक्षा हा बार कितीतरी उपयोगी ठरतो, असे माझे ठाम मत आहे.

उंची वाढवण्याचा सल्ला मात्र पूर्णपणे बाजूला ठेवा. कॅम्परमुळे ट्रकचा गुरुत्वमध्य आधीच वर गेलेला असतो. त्यात आणखी तीन इंच घातले की तिरक्या वाटेवर उलटण्याची शक्यता वाढते. तुमच्या ट्रकला पुढे अखंड ॲक्सल आहे. उंची वाढवताना त्याच्या दांड्यांचे कोन बिघडले, तर वेगात एखाद्या खड्ड्यावरून जाताना स्टीअरिंग जोरात थरथरू लागते. फोर बाय फोर सुपर ड्यूटीची (एफ-२५०, एफ-३५० या ट्रकांच्या मालिकेचे हे नाव) मूळ उंची तुमच्या रस्त्यांसाठी पुरेशी आहे.

तिसरा क्रम कॅम्पर बांधण्याचा. हा भाग लोक शेवटच्या दिवसावर टाकतात, पण कच्च्या रस्त्यावर याच्यावरच सगळे अवलंबून असते. ट्रकची चासी शिडीसारखी असते आणि ओबडधोबड जमिनीवर ती पिळली जाते. केबिन आणि हौदा तिच्यावर वेगवेगळे बसवलेले असतात, म्हणून एका वेळी ते दोघे वेगवेगळ्या दिशांना कलतात. कॅम्पर हौद्याच्या पत्र्याला बांधला असेल, तर ही सगळी पिळवणूक पत्र्यावर येते. २०१७ पासून सुपर ड्यूटीचा हौदा ॲल्युमिनियमचा आहे, आणि त्याच्या भिंतींना किंवा कडांना कॅम्पर बांधणे म्हणजे त्या फाडून घेणे. कॅम्परचा कारखाना हौद्याच्या तळातून आरपार बोल्ट घेण्याची पद्धत वापरत असेल, तर खाली मोठ्या जाड प्लेट घ्याव्यात. नाहीतर चासीलाच जोडलेल्या टायडाउन, म्हणजे बांधणीच्या कड्या, घ्याव्यात. कॅम्पर ताणून बांधणाऱ्या पेचांना टर्नबकल म्हणतात; कडक टर्नबकलपेक्षा आत स्प्रिंग असलेले टर्नबकल बरे, कारण पिळवणूक झाली तरी ताण टिकून राहतो आणि कॅम्परच्या कोपऱ्यांतले बोल्ट उपटत नाहीत. कॅम्परखाली जाड रबरी चटई अवश्य घाला, तीमुळे तो सरकत नाही. कोलोरॅडोत हिवाळ्यात रस्त्यांवर मॅग्नेशियम क्लोराइड टाकतात, आणि ॲल्युमिनियमला लोखंडी बोल्ट जेथे टेकतात तेथे त्यामुळे धातू खायला लागतो. तेथे रबरी किंवा नायलॉनचे वायसर घालून दर वसंतात तपासणी करावी. पहिल्या प्रवासात पन्नास मैलांनी थांबून सर्व टर्नबकल पुन्हा आवळावेत, आणि कच्च्या रस्त्यावर रोज संध्याकाळी.

विजेचे काम तुलनेने सोपे आहे. लिथियम बॅटरी थेट अल्टरनेटरला न जोडता मध्ये डीसी-डीसी चार्जर (बॅटरीला योग्य दाबाने वीज देणारे उपकरण) घालावा, तारा जाड घ्याव्यात आणि ट्रकच्या बॅटरीजवळ फ्यूज लावावा. गोठणबिंदूखाली लिथियम बॅटरी चार्ज करू नये, म्हणून तिची जागा कॅम्परच्या आत, उबेत ठेवा. ब्रेकचे भाग बदलण्याची गरज नाही, परंतु ब्रेक ऑइल नवे भरा आणि उतारावर टो-हॉल मोडसह (जड ओझ्यासाठीची गिअरची सोय) एक्झॉस्ट ब्रेक (इंजिनाच्या रोधाने वेग आवरणारी सोय) वापरण्याची सवय करा. आयझेनहॉवर बोगदा ११,००० फुटांहून अधिक उंचीवर आहे. तेथून डेन्व्हरकडे उतरताना ब्रेकवर पाय ठेवून बसलेला चालक खाली पोहोचेपर्यंत ब्रेक तापवून बसतो.

रस्त्यांविषयी. सुरुवात बोरियास खिंडीने करा. ब्रेकेनरिज ते कोमो हा रस्ता जुन्या रेल्वेमार्गावरून जातो, त्यामुळे ११,४०० फुटांहून उंच असूनही चढ सौम्य आहे आणि कॅम्पर बांधणीत काही सैल असेल तर ते येथेच कळते. व्हाइट रिम सुमारे १०० मैलांचा आहे, त्यासाठी कॅन्यनलँड्स राष्ट्रीय उद्यानाचा परवाना आधी घ्यावा लागतो आणि वाटेत पिण्याचे पाणी मिळत नाही. म्हणजे तुमचे बारा गॅलन पुरणार नाहीत, जादा पाण्याचे कॅन न्यावे लागतील आणि तेवढे सामान घरी ठेवावे लागेल. त्या रस्त्यावरचे मर्फी हॉगबॅक आणि हार्डस्क्रॅबलचे चढ हलक्या कॅम्परने, कोरड्या हवेत आणि लो रेंजमध्ये (फोर बाय फोरच्या संथ, ताकदीच्या गिअरमध्ये) होतात, पाऊस पडला असेल तर थांबावे. १३,११४ फुटांवरच्या इमोजीन खिंडीला मात्र कॅम्पर घेऊन जाऊ नका. सुपर ड्यूटी आरसे न धरताही ८० इंच रुंद आहे, समोरून गाडी आली की कड्याच्या कडेवर मागे जाण्याची पाळी तुमच्यावरच येईल. ती खिंड कॅम्पर ऊरे किंवा टेल्यूराइडला ठेवून, भाड्याच्या छोट्या जीपने पाहा.

आई-बाबांविषयी. वजनाचा जो हिशेब वर दिला आहे, त्यात आणखी दोन माणसे आणि त्यांचे सामान बसत नाही. धावत्या कॅम्परमध्ये कोणालाही बसवू नये, कारण तेथे पट्टे नसतात आणि अपघात सोसण्यासाठी तो बांधलेलाही नसतो. शिवाय उघडमिट कॅम्परमध्ये झोपण्यासाठी ट्रकच्या केबिनवरच्या पलंगावर चढावे लागते, गुडघ्यांचा त्रास असलेल्या माणसाला ते जमणारे नाही. तेव्हा त्यांच्या मुक्कामात कॅम्पर जॅकवर उतरवून घरी ठेवा आणि रिकाम्या ट्रकने त्यांना मोआब दाखवा, गावात खोली घेऊन राहा. कॅन्यनलँड्समधील ग्रँड व्ह्यू पॉइंटपर्यंत डांबरी रस्ता आहे, आणि तेथून व्हाइट रिमचा रस्ता खाली दूरपर्यंत दिसतो.

कारखान्याकडे जाताना तीन गोष्टी लेखी मागा: तुम्ही निवडलेल्या सर्व सोयींसह तयार कॅम्परचे काट्यावरचे वजन, भरलेल्या पाण्यासह त्याच्या गुरुत्वमध्याची जागा, आणि पावणेसात फुटी ॲल्युमिनियम हौद्यात तो कसा बांधणार याची आकृती. या तीन गोष्टी द्यायला जो विक्रेता कुरकुर करेल, त्याच्याकडून कॅम्पर घेऊ नका.